लॅपटॉप घेऊन थायलंडला

नोकरी पुण्यातल्या कंपनीत आणि मुक्काम चिआंग माईला, असं आता थायलंडमध्ये रीतसर करता येतं. त्यासाठी जुलै 2024 मध्ये त्या देशाने ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ सुरू केला. मुदत पाच वर्षांची, आणि एका प्रवेशात 180 दिवसांपर्यंत राहण्याची मुभा.

अर्ज थायलंडबाहेरूनच, ऑनलाइन करायचा. वय किमान 20 वर्षं हवं. खात्यात 5 लाख बाथ किंवा तेवढ्या मोलाची रक्कम दाखवावी लागते. सोबत कंपनीचं पत्र किंवा करार. स्वतंत्र व्यावसायिकांनी कामाचे पुरावे जोडावेत.

एक पथ्य मात्र कडक आहे. चिआंग माईच्या कॅफेत बसून मुंबईच्या ग्राहकाची वेबसाइट खुशाल बनवा. पण पैसे घेऊन त्याच कॅफेची बनवायची, तर वर्क परमिट लागतं.

पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरायचं. मे 2025 पासून ते सगळ्याच परदेशी प्रवाशांना सक्तीचं आहे आणि मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे, हे ओळखा. सलग 90 दिवसांहून जास्त राहिलात, तर इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवायचा. आणि एका कॅलेंडर वर्षात मुक्काम 180 दिवसांवर गेला, तर तिथल्या प्राप्तिकराचा प्रश्न उभा राहतो. म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाचं संकेतस्थळ पाहा आणि आपल्या सीएशीही बोलून घ्या.