बाराशे टनांचा देश

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



विंचूरच्या कांदा बाजाराबाहेर माझं बारदानाचं छोटंसं दुकान आहे. कविता करणारा माणूस गोण्या विकतो याचं काही जणांना नवल वाटतं. पण कवितेवर चूल पेटत नाही, हे निदान मराठी कवीला तरी कुणी समजावून सांगायला नको. शिवाय बाजाराच्या तोंडाशी बसलं की जगाचा भूगोल फुकटात कळतो. दुबई, कोलंबो, ढाका ही नावं आमच्याकडच्या हमालांनाही पाठ असतात. तिकडं पाऊस झाला की इकडं भाव हलतो.

२०२३ च्या ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली. लाल कांद्याचा ऐन हंगाम. त्या दिवसांत बाजारात लोक एकमेकांशी फारसं बोलत नव्हते, एवढं सांगितलं तरी पुरे. मग २०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली की सरकारनं चार देशांपुरती वाट मोकळी केली आहे. एकूण ५४,७६० टन. त्यात बांगलादेशाला ५० हजार, बहरीनला ३ हजार, भूतानला ५६० आणि मॉरिशसला १,२०० टन. माझ्या दुकानात बसून एकानं ही यादी मोठ्यानं वाचली. मॉरिशसचा आकडा आला तसा एक शेतकरी हसला, फार दिवसांनी हसला असावा, आणि म्हणाला, "चाचा, बाराशे टन? हा देश हाये का वस्ती?"

वीस क्विंटलची ट्रॉली धरली तर सहाशे ट्रॉल्या होतात. त्याच्या दृष्टीनं प्रश्न बरोबर होता. त्याला त्या दिवशी जे सांगितलं आणि जे सांगायचं राहिलं, ते आज तुम्हाला सांगतो.

मॉरिशस हा आफ्रिकेतला देश. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पूर्वेला सुमारे दोन हजार किलोमीटर, मादागास्करच्याही पलीकडं, हिंदी महासागरातलं एक बेट आणि त्याच्या आसपासची काही छोटी बेटं. क्षेत्रफळ साधारण २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या एका नाशिक जिल्ह्यात असे सात देश बसतील आणि वर थोडी जागा उरेल. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. नकाशावर विषुववृत्ताच्या वर वीस अंशांवर आमचं विंचूर आहे आणि खाली वीस अंशांवर मॉरिशस. म्हणजे एकाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना, सारख्याच अंतरावर. फक्त ऋतू उलटे. आपण जानेवारीत शेकोटी करतो तेव्हा तिकडं उन्हाळा आणि चक्रीवादळाचे दिवस असतात. १९६० च्या कॅरोल नावाच्या वादळानं तिथली गवताची आणि लाकडाची घरं हजारोंनी झोपवली. नंतर लोक सिमेंटच्या घरांत राहायला गेले.

पण मला सगळ्यात जास्त ओढ लावणारी गोष्ट जमिनीखालची आहे. आपला सह्याद्री, आपली काळी माती हे सगळं ज्वालामुखीचं देणं, हे शाळेत शिकलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला. भूशास्त्रज्ञ सांगतात की ज्या भट्टीतून तो निघाला ती भट्टी जागीच राहिली आणि आपला भूखंड तिच्यावरून उत्तरेकडं सरकला. त्याच भट्टीनं कोट्यवधी वर्षांनी, म्हणजे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, समुद्रातून मॉरिशस वर काढलं. आज ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे. त्यामुळं मॉरिशसच्या उसाच्या शेतांत जे काळ्या दगडांचे ढीग दिसतात, ते आपल्या बांधावरच्या दगडांचे धाकटे भाऊ. ते वेचून ढीग लावणारे हातही पुष्कळसे इकडचेच होते. त्या हातांकडं येतोच.

या बेटावर मूळचे रहिवासी असे कुणी नव्हतेच. होता तो डोडो, उडता न येणारा पक्षी. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं मॉरिस हे नाव बेटाला दिलं आणि त्यांच्याच काळात डोडो संपला. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १८३५ मध्ये तिथली गुलामी कायद्यानं बंद झाली, पण ऊस काही बंद झाला नव्हता. मग मजूर कुठून आणायचे? हिंदुस्थानातून, कराराची कागदं करून. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागलं. पुढं पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बिहार-भोजपूरची सर्वांत जास्त, मग मद्रासकडची, आणि सर्वांत कमी मुंबई बंदरातून. त्या कमीतले बरेचसे आपले रत्नागिरीकडचे. ज्या धक्क्यावर ही माणसं उतरली, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा झाला. तिथं दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत.

माणसं नेली जाण्याची ही वाट उलट दिशेनंही चालत होती, हे विसरून चालणार नाही. विंचूरवरून जो रस्ता पुढं पूर्वेला जातो, तो ज्या शहराला जातो त्याची पायाभरणी खडकी या नावानं केली मलिक अंबरनं. तो हबशी होता, इथिओपियातून गुलाम म्हणून आणलेला. असो.

मॉरिशसला मी गेलेलो नाही. मॉरिशस माझ्या घरी आलं. २००९ ची गोष्ट. पुण्याच्या एका कविसंमेलनात एक मुलगी भेटली. शिष्यवृत्तीवर मराठी एम.ए. करायला आलेली. तिचं मराठी ऐकताना गंमत वाटायची, कारण ते पूर्ण पुस्तकी होतं. घरात ती क्रिओल बोलायची. फ्रेंचच्या पोटातून गुलामांनी घडवलेली ही भाषा, तिथं सगळे तीच बोलतात. वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंचमध्ये, कायदेमंडळाचं कामकाज इंग्रजीत. माझी कविता झाल्यावर ती जवळ आली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "सर, तुम्ही मुसलमान. मग तुम्ही मराठी कशी घेतली? शाळेत उर्दू नव्हतं का?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे, पण नेहमी दुसऱ्या सुरात. कधी कौतुकानं, 'अरे वा, तुमचं मराठी किती छान!' कधी जरा आंबट तोंडानं. एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं माझी ओळख 'मुसलमान असूनही' अशी करून दिली होती. त्या 'असूनही'वर मी घरी येताना बसमध्ये बराच वेळ विचार करत होतो. या मुलीच्या सुरात मात्र कौतुक नव्हतं आणि आंबटपणाही नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. कारण तिच्या देशात प्राथमिक शाळेत मूल गेलं की इंग्रजी-फ्रेंचबरोबर पूर्वजांची भाषा निवडतात. हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू, अरबी, चिनी. २०१२ पासून क्रिओलही. मुसलमानाचं पोर उर्दू किंवा अरबी घेणार, मराठी माणसाचं पोर मराठी घेणार. भाषा फॉर्मवर येते आणि धर्माच्या मागोमाग येते.

मी तिला सांगितलं, मी मराठी घेतली नाही, ती होतीच. गावात उर्दू शाळा नव्हती, जिल्हा परिषदेची मराठी शाळा होती. घरात आम्ही दखनी वळणाची हिंदी बोलतो, ओट्यावर आलं की मराठी. पुढं मराठीतच बी.ए. केलं. आणि तुझ्या रत्नागिरीत तर मुसलमानांच्या घरात, चुलीपाशीसुद्धा, कोकणी बोलतात. शेख महंमदांनी श्रीगोंद्यात मराठीत ग्रंथ लिहिला त्याला चारशे वर्षं होत आली. ती वहीत लिहून घेत होती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत ती लासलगावच्या मैत्रिणीबरोबर विंचूरला आमच्या घरी आली. अम्मी तेव्हा होती. तिनं बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात केली. मुलगी म्हणाली, आमच्याकडं डाळपुरी असते, रस्त्यावर गाडीवर दोन-दोन एकत्र देतात, आत रस्सा घालून. सगळ्या जातिधर्माचे लोक तीच खातात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, हेही तिनं सांगितलं आणि आमच्या अंगणात कोकणातल्या जाखडीची चार पावलं नाचून दाखवली. तिथं त्याला झाकरी म्हणतात. अम्मीनं विचारलं, "गाव कोणतं गं तुझं?" ती म्हणाली, "कॅस्काव्हेल." अम्मी म्हणाली, "ते नाही. मूळ गाव." "रत्नागिरी." "रत्नागिरीत कुठं?" मुलगी गप्प झाली. खापरपणजोबाचं नुसतं नाव होतं, तेच पुढं घराण्याचं आडनाव झालं. तिकडं पुष्कळांचं असंच झालं आहे. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या आहेत, नंबर, उंची, जहाज, काहींचे फोटोसुद्धा. तिनं अजून तिथं जाऊन शोधलं नव्हतं.

आता राज्यकारभार. गांधीजी १९०१ मध्ये आफ्रिकेतून परतताना काही दिवस या बेटावर होते. शिका आणि राजकारणात या, असं त्यांनी लोकांना सांगितलं. १९४७ च्या सुधारणांनी मताचा हक्क बराच सैल झाला. एखाद्या भाषेत साधं लिहिता-वाचता आलं की मत मिळायचं आणि त्यात भारतीय भाषाही चालत. मग गावोगाव 'बैठका' नावाच्या संध्याकाळच्या शाळांत उसाच्या फडातले बाप्ये आणि बाया आपलं नाव लिहायला शिकले. अक्षरावर मत मिळालं. मला हा त्या देशाच्या इतिहासातला सर्वांत सुंदर प्रसंग वाटतो. १२ मार्च १९६८ रोजी स्वातंत्र्य मिळालं. दांडीयात्रेच्या दिवसाची आठवण म्हणून ही तारीख. शिवसागर रामगुलाम पहिले पंतप्रधान. १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक झालं. राष्ट्रपती मानाचे, कारभार पंतप्रधानांचा. शेवटचं अपील मात्र आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडं जातं.

संसदेत ६२ जागा थेट निवडून येतात. मग एक खास सोय आहे. ज्या समाजाचे प्रतिनिधी कमी पडतील, त्यांच्या पडलेल्या उमेदवारांतून सर्वांत जास्त मतं मिळवणारे, जास्तीत जास्त आठजण आत घेतात. यासाठी उमेदवारानं अर्जावर आपला समाज लिहायचा असतो. रकाने चार. हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण'. हिशेब कुठल्या शिरगणतीचा? १९७२ ची. त्यानंतरच्या जनगणनेत समाज विचारलाच नाही. काही तरुणांनी रकाना भरायला नकार दिला, त्यांचे अर्ज बाद झाले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती रकाना कोरा ठेवायची मुभा मिळाली.

मी त्या अर्जासमोर स्वतःला बसवून पाहिलं आहे. मी 'मुस्लिम'वर खूण करीन, खोटं कशाला बोला. पण मग माझं मराठी कुठं जाणार? त्या देशात मुसलमान आहे आणि मराठी आहे, पण मराठी मुसलमान मावेल असा कोपरा नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथं १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन वेळा एकाच आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. अशा वेळी विरोधातला एखादा आवाज आत जातो तो याच सोयीमुळं. लहान समाजाला घराबाहेर राहण्याची भीती काय असते, ते मला कुणी शिकवायला नको. म्हणून मी त्या रकान्याला चटकन नावं ठेवत नाही.

कारण तिथंही डोकी फुटलेली आहेत. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान भिडले, इंग्रजांचं सैन्य बोलवावं लागलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया नावाचा गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. तेव्हा राष्ट्रपती कासम उतीम आणि कॅथलिक कार्डिनल मार्जिओ बेटभर फिरले, शांततेसाठी. चार दिवसांनी आग निवाली. याच उतीम यांनी २००२ मध्ये दहशतवादविरोधी कायद्यावर सही करायला नकार दिला आणि खुर्ची सोडली. मुसलमान राष्ट्रपती म्हणून त्यांची ओळख करून देताना तिथं 'असूनही' म्हणत असतील का, ठाऊक नाही.

जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये या बेटाचं भवितव्य अंधारात आहे असं लिहिलं होतं. त्यांना पुढं नोबेल मिळालं आणि त्यांचं भाकीत चुकलं. साखरेबरोबर कापड गिरण्या, पर्यटन, बँका आल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट. २०२० मध्ये जागतिक बँकेनं त्याला श्रीमंत देशांत बसवलं आणि कोविडमुळं पुढच्याच वर्षी खाली उतरवलं. त्याच २०२० च्या जुलैत 'वाकाशियो' हे जहाज प्रवाळावर अडकलं आणि तेल समुद्रात पसरलं. तेव्हा लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यात उसाचं पाचट भरलं आणि त्याचे बांध करून तेल अडवलं. आमच्या निफाड तालुक्यात शेतकरी पाचट पेटवून देतो.

ती मुलगी आता तिथं मराठीची शिक्षिका आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तिनं फोनवर विचारलं, "सर, बाजारात भारतातला कांदा आला आहे. तुमच्या गावचा असेल का?" गोणीवर गावाचं नाव नसतं, हे तिला सांगितलं. तिच्या मुलानं पहिलीला मराठी घेतली आहे, वर्गात मराठीची चारच मुलं आहेत. त्यांच्यासाठी मी महिन्याला एक बालकविता पाठवतो. मागच्या कवितेवर मुलाचा निरोप आला, बारदान म्हणजे काय? मी दुकानातल्या थप्पीवर बसून फोटो काढला आणि पाठवून दिला.