प्रोपेलरचे योग्य स्थान



मुंबईत चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले विमान
2016 साली साऱ्या महाराष्ट्राने कौतुकाने पाहिले.

असे घरी विमान बांधणाऱ्यांना उपयोगी पडेल, म्हणून सांगतो :
चार सिलिंडरच्या लहान इंजिनावर,
हाताने फिरवून सुरू करावयाचा प्रोपेलर बसविताना,
दट्ट्या हवा दाबू लागताच,
समोर उभ्या असलेल्यास पाती घड्याळातील दहा आणि चार यांच्या रेषेत दिसावीत,
असा सर्वसाधारण दंडक आहे.

पुन्हा सांगतो : दहा आणि चार.

पाते याहून उंच राहिले,
तर माणूस पुढे झुकतो आणि तोल जातो;
योग्य जागी असले,
तर ते खाली ओढतानाच शरीर आपसूक मागे सरते.

निर्मात्याची पुस्तिका मात्र हुकुमासमान मानावी.
आणि ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बंद असला, तरी प्रोपेलर जिवंतच समजावा;
त्याला इंजिनाच्या सांगाड्याशी जोडणारी एक तार तुटली, तरी ठिणगी पडते.