विश्वस्त निवडताना



निवडणूक आली की पहिला प्रश्न, अध्यक्ष कोण? आम्ही म्हणतो, आधी सभासद-यादी काढा. बहुतेक संस्थांच्या घटनेत मत सभासदालाच असतं. दर रविवारी वंदनेला येणाऱ्या, विहार झाडणाऱ्या किती भगिनींची नावं त्या यादीत आहेत? वर्गणी घरातून जाते, पावती मात्र नवऱ्याच्या नावाची! मग त्या विश्वस्त व्हायच्या कशा?

दुसरं, नुसते हात वर करून भागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे नव्या मंडळाचा चेंज रिपोर्ट ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. नाहीतर रजिस्टरवर जुनीच नावं, आणि भांडण कोर्टात. तेव्हा सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त जपून ठेवा. पावतीपुस्तक आज इथंच ठेवलंय. भगिनींनो, पावती स्वतःच्या नावानं फाडून घ्या.