टोपीवाल्यांच्या गावात आपले स्वागत

परिषदेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, बाहेरगावाहून आलेले अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट, आमच्या जिल्ह्यातले डॉक्टर आणि माझ्या मालवणकर बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. मालवणात रेल्वे येत नाही. कुडाळ नाहीतर कणकवलीला उतरून वळणावळणाच्या रस्त्याने आपण इथवर आलात, तेही मानेच्या दुखण्यावर बोलायला, याचे आम्हाला फार मोल आहे.

समोरचा सिंधुदुर्ग किल्ला आपण पाहिला असेलच. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी त्याचा पाया घातला. मोरयाचा धोंडा, जिथे त्या वेळी पूजा झाली, तो आजही किनाऱ्यावर आहे. चहूकडे खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. तिथल्या मूर्तीच्या डोक्यावर नावाड्याची असते तशी टोपी आहे. ती जरूर पाहा.

टोपीवरून मला ज्यांच्याविषयी मनापासून बोलायचे आहे, ते अनंत शिवाजी देसाई. मुंबईत टोप्यांचा व्यापार करून ते टोपीवाले झाले. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रे विकणारेही तेच. जुन्या चित्रांखाली त्यांचे नाव आणि मोतीबाजारचा पत्ता आजही वाचायला मिळतो. आमच्या टोपीवाला हायस्कूलला त्यांचेच नाव आहे. आमच्या कित्येक घरांत आजोबा, वडील आणि नातू एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत. पण शाळेला नाव ज्यांचे, ते कोण, हे आज मुलांना विचारले तर उत्तर मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. त्यांचे एक चांगले चरित्र मालवणकरांनी लिहून घ्यायला हवे, ही मागणी मी या व्यासपीठावरूनही करतो.

आणि डॉक्टरांनो, टोपीवाला हे नाव आपल्या व्यवसायातही आहे. असहकाराच्या चळवळीत, १९२१ साली, मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे डॉ. नायरांच्या रुग्णालयाची त्याला जोड मिळाली. १९४६ मध्ये मोतीराम देसाई टोपीवाला यांनी पाच लाख रुपये दिले आणि ते टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज झाले. आपल्यापैकी काहीजण तिथे शिकले असतील. त्यांना तर मी पाहुणे म्हणणारच नाही.

आता विषयाकडे येतो. तो माझ्या अभ्यासाचा नाही, पण डोळ्यांसमोरचा आहे. काजूच्या कारखान्यात दिवसभर मान खाली घालून गर सोलणाऱ्या मुली, तारकर्लीला पर्यटकांसाठी पाण्यात उतरणारी आणि सिलिंडर वाहणारी मुले, स्पर्धा परीक्षेसाठी मोबाइलवर वाचत बसणारे पदवीधर, सगळ्यांच्या तोंडी एकच, "मान धरली हा." चार दिवस गोळ्या, पट्टा, मालिश, बरे वाटते. महिन्याने पुन्हा तेच. मग कुणीतरी एमआरआय काढायला सांगतो, अहवालात चकती सरकल्याचे येते आणि पंचविशीतला मुलगा आपण कायमचे अधू झालो असे समजून घरी बसतो.

परिषदेच्या तयारीत मला एक गोष्ट कळली, ती या मुलांच्या आईवडिलांपर्यंत जावी असे वाटते. जपानमध्ये मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा विशीतल्याही दर चौघांपैकी जवळपास तिघांच्या चकत्या फुगलेल्या दिसल्या. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वर्षांच्या १५० तरुणांत मोबाइल पाहताना मान वाकवणे आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही. म्हणजे चित्रात दिसले तेच कारण, असे नाही आणि सगळा दोष मोबाइलचाही नाही. झोप किती, काळजी कसली, तासन्‌तास एकाच स्थितीत काम आहे का, आधी कधी दुखले होते, हे रुग्णाजवळ बसून विचारावे लागते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडणारी आणि हालचालीने सैल होणारी मान, ताप, घटणारे वजन, हातातली शक्ती जाणे, चालताना तोल जाणे, यांकडे मात्र लगेच पाहायला हवे. मणक्याचा क्षय आपल्या देशात अजून आहेच. आमच्या गावच्या डॉक्टरांना दुखण्यामागचे कारण शोधण्याचे हे काम या दोन दिवसांत आपण शिकवून जावे, एवढीच माझी विनंती.

व्यवस्थेत उणिवा आहेत, त्या मला ठाऊक आहेत. एका ठिकाणी इतक्या खोल्या मिळाल्या नाहीत, म्हणून काहींची सोय वायरीला, काहींची तारकर्लीला केली आहे. सकाळी साडेआठला गाड्या येतील. वीज गेली तर जनरेटर आहे, पण पडद्यावरची चित्रे पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ लागेल. खुर्च्या पाठीला आणि मानेला सोयीच्या नाहीत, हे आपल्यासारख्यांसमोर सांगताना संकोच वाटतो. प्रत्येक सत्रानंतर उठून फिरायला वेळ ठेवला आहे. शाकाहारींची पंगत वेगळी आहे. तिखट जास्त वाटल्यास वाढणाऱ्यांना सांगावे, सोलकढी भरपूर आहे.

मासे पुरवणारे आमचे रापणकर, देणगी देणारे आंब्याचे बागायतदार, आपल्या खोल्या रिकाम्या करून देणारे घरगुती निवासवाले, मंडप घालणारे, रात्री उशिरापर्यंत घावणे आणि खापरोळ्यांची तयारी करणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, नाव घेऊ नका असे बजावून मोठी रक्कम हाती ठेवणारे मुंबईकर चाकरमानी, औषध दुकानदार, पार्किंग सांभाळणारी कॉलेजची मुले या सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचे नाव राहिले असेल, तर संध्याकाळी घेईन.

उद्या दुपारी किल्ल्याची फेरी आहे. भरती-ओहोटी पाहून होड्या सुटतील, त्यामुळे दिलेली वेळ सर्वांनी पाळावी आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नये. आता अध्यक्ष महोदयांना दीपप्रज्वलनाची विनंती करतो.