गवताळ मैदानांतील हेर्झोग

(ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



आपल्या देवळाच्या इतिहासावर आज अधिकारी वक्ते बोलणारच आहेत. मीं दूरच्या एका लहानशा वस्तीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत, झाडाझुडपांवांचून पसरलेल्या गवताळ मैदानावर, ती १८७६ च्या एप्रिलांत वसली.

वसविणारे वंशानें जर्मन, धर्मानें कॅथलिक. पण आले रशियांतून. तेथील राणी दुसरी कॅथरिन हिनें १७६३ सालीं जाहीरनामा काढून परदेशच्या लोकांस जमिनी देऊं केल्या आणि लष्करी चाकरी माफ केली. त्या भरंवशावर यांच्या पूर्वजांनीं व्होल्गा नदीकांठीं नांगर धरला. पुढें १८७४ सालीं सर्वांस लष्करभरती लागू झाली, आणि राजवचनाची मुदत किती असते तें त्यांस कळून चुकलें.

टोपीका शहरीं एक हिवाळा काढून हे लोक मैदानांत आले. मागें टाकलेल्या गांवाचें नांव हेर्झोग. नव्याचेंही तेंच ठेविलें. लाकूड मिळेना, म्हणून गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांचीं घरें रचलीं. शेजारीं जॉर्ज ग्रँट या स्कॉच गृहस्थानें १८७३ सालीं व्हिक्टोरिया नांवाची वसाहत घातली होती. १८७८ सालीं तो वारला व त्याची मंडळी पांगली. पुढें १९१३ सालीं दोन्ही गांवें एक झालीं, तेव्हां नांव मात्र पांगलेल्यांचें राहिलें!

आरंभीं धर्मगुरु नव्हते. एक लाकडी क्रूस उभारून त्याच्यापाशीं सर्वजण प्रार्थनेस जमत. १८७८ सालीं कापुचिन धर्मगुरु आले. वस्ती वाढत गेली, तसतशीं एकामागून एक तीन देवळें अपुरीं पडलीं. चौथें, सेंट फिडेलिसचें देऊळ, १९०८ ते १९११ पर्यंत बांधलें गेलें. बारा वर्षांवरील, कम्युनियन घेणाऱ्या प्रत्येकावर वर्षास ४५ डॉलर आणि सहा गाड्या दगड अशी पट्टी बसली. दगड खाणींतून स्वतः काढावयाचा, घोड्यांच्या गाडीनें स्वतः आणावयाचा. घरांत अशीं नऊ माणसें असलीं, तर वर्षाचे ४०५ डॉलर आणि ५४ गाड्या! खरें सांगावयाचें तर मला ही रीत कठोर वाटते. ज्याचीं लेंकरें अधिक, त्याच्यावरच भार अधिक. तरी देऊळ पुरें झालें. त्याचे मनोरे १४१ फूट उंच आहेत.

त्यास लोक मैदानावरचें कथीड्रल म्हणतात, परंतु बिशपांचें आसन तेथें कधींच नव्हतें. २०१४ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यास बसिलिकेचा मान दिला.

आणि जे व्होल्गाकांठींच राहिले, त्यांचें काय झालें? २८ ऑगस्ट १९४१ च्या सोव्हिएत फर्मानानें व्होल्गाकांठच्या जर्मनांना सायबेरिया व कझाकस्तानांत हद्दपार केलें. जुन्या हेर्झोगच्या वाट्यासही तेंच आलें.