हशा कोठे पिकला, कोठे विरला : थेट प्रक्षेपित प्रहसनांच्या मूल्यमापनाविषयी



विनोदाविषयी गंभीरपणे बोलू पाहणाऱ्या माणसाची स्थिती नेहमीच थोडी अवघड असते. विनोद उलगडून सांगितला की तो मरतो, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि त्यात तथ्यही आहे. तथापि आज मला विनोद उलगडून दाखवावयाचा नाही. विनोदाचा न्याय कसा करावा, विशेषतः जो विनोद थेट प्रक्षेपणातून, दुरुस्तीची कोणतीही संधी न घेता आपल्यासमोर येतो, त्याचा न्याय कसा करावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

या न्यायदानाची एक रूढ पद्धत आहे. कार्यक्रम संपला की समीक्षक त्यातील प्रहसनांची यादी करतो, प्रत्येकापुढे जमले किंवा फसले अशी खूण करतो आणि शेवटी बेरीज मांडतो. पाच जमली, सहा फसली; सबब कार्यक्रम सुमार. वाण्याच्या वहीतील जमाखर्चासारखी ही रीत सोयीची आहे. ती न्याय्य आहे काय, हे पाहण्यासाठी आपण एकच भाग घेऊ आणि तो नीट तपासू. ११ ऑक्टोबर १९७५ रोजी रात्री साडेअकरा वाजता न्यूयॉर्कहून प्रक्षेपित झालेला, पुढे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या मालिकेचा तो पहिला भाग होय.

नमनाला घडाभर तेल न घालता पार्श्वभूमी सांगतो. एन.बी.सी. या प्रक्षेपण कंपनीवर शनिवार-रविवारी रात्री उशिरा जॉनी कार्सन यांच्या कार्यक्रमाचे जुने भाग पुन्हा दाखविले जात. कार्सन यांना ते नको होते. त्यामुळे एक पोकळी निर्माण झाली आणि ती भरून काढण्याचे काम लॉर्न मायकल्स या तीस वर्षांच्या कॅनेडियन निर्मात्याकडे आले. त्याला मिळालेला ८-एच हा स्टुडिओ मुळात नभोवाणीसाठी बांधलेला होता. एके काळी तेथे आर्तुरो तोस्कानिनी वाद्यवृंदाचे संचालन करीत. कार्यक्रमाला सुरुवातीला आजचे नावही मिळाले नाही, कारण ए.बी.सी. या प्रतिस्पर्धी कंपनीने ते नाव आधीच आपल्या कार्यक्रमाला देऊन टाकले होते. तो कार्यक्रम १९७६ च्या प्रारंभी बंद पडला आणि १९७७ मध्ये ते नाव या मालिकेकडे आले.

दीड तासांचा थेट विनोदी कार्यक्रम ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. याच कंपनीवर १९५० ते १९५४ या काळात सिड सीझर यांचा असाच कार्यक्रम शनिवारी रात्री होत असे. परंतु त्यानंतर ध्वनिचित्रफितीचे युग आले. चुकलेले कापून टाकता येऊ लागले, हशा मागाहून चिकटविता येऊ लागला. १९७५ मध्ये थेट प्रक्षेपणाकडे परत जाणे म्हणजे सुरक्षित जाळे काढून टाकून दोरीवर चालण्यासारखे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या मालिकेचे काम आठवड्याच्या चक्रावर चालते. सोमवारी पाहुण्या सूत्रधाराबरोबर पहिली बैठक होते, मंगळवारची रात्र लेखनात जाते आणि बुधवारी सर्व संहितांचे सामुदायिक वाचन होते. त्यातून निवडलेल्या प्रहसनांचे नेपथ्य उभारणे आणि तालमी घेणे यांत गुरुवार व शुक्रवार संपतात. शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. ती मुद्दाम लांबलचक ठेवलेली असते. तिच्यात पडलेल्या हशाचा अंदाज घेऊन प्रत्यक्ष प्रक्षेपणापूर्वीच्या थोड्या अवधीत काही प्रहसने काढून टाकतात, काही आखूड करतात, काहींचा क्रम बदलतात. म्हणजे आपण जे पाहतो त्याचा एक न्याय आधीच झालेला असतो. पहिल्या भागाच्या वेळी बिली क्रिस्टल या तरुण नटाचा प्रवेश वेळेअभावी आयत्या वेळी गळला. पुढे तो मोठा नट झाला. घरी बसलेल्या प्रेक्षकाला या वगळलेल्या गोष्टी दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्याचे माप समीक्षकाच्या तराजूतही पडत नाही.

आता प्रत्यक्ष भागाकडे वळू.

प्रारंभी श्रेयनामावली नाही, संगीत नाही, स्वागत नाही. एका खोलीत मायकल ओ’डोनह्यू हा भाषाशिक्षक आणि जॉन बेलुशी हा परदेशातून आलेला त्याचा विद्यार्थी. शिक्षक वुल्व्हरिन नावाच्या हिंस्र प्राण्यासंबंधी काही भयंकर, निरर्थक वाक्ये उच्चारतो आणि विद्यार्थी ती निष्ठेने, जड उच्चारांत परत म्हणतो. अचानक शिक्षकाच्या छातीत कळ येते आणि तो कोसळतो. विद्यार्थी क्षणभर विचार करतो आणि, हाही धड्याचाच भाग असावा असे समजून, तसाच छाती धरून कोसळतो. तेवढ्यात कानाला यंत्र लावलेला रंगमंच-व्यवस्थापक, म्हणजे चेव्ही चेस, डोकावतो, प्रसन्न हसतो आणि हा कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट होत असल्याची घोषणा करतो.

हे यशस्वी ठरले, यात शंका नाही. पण ते का ठरले? यात समयोचित शेरा नाही, सहज सांगता येईल असा चुटका नाही. आहे ती एकच कल्पना, म्हणजे अनुकरणाची परिसीमा, आणि तिला तिच्या तर्कशुद्ध शेवटापर्यंत नेण्याची हिंमत. शिवाय हा प्रवेश तेथे नसता, दीड तासाच्या मध्यात कोठेतरी असता, तर त्याचा प्रभाव निम्मा झाला असता. अद्याप कार्यक्रम सुरू झाला आहे की नाही, हेच प्रेक्षकाला ठाऊक नव्हते. प्रहसनाचे यश काही अंशी त्याच्या जागेचे असते, हा आपला पहिला निष्कर्ष.

दुसरे निःसंशय यश अँडी कॉफमन याचे. एक संकोचलेला तरुण ग्रामोफोनशेजारी उभा राहतो. तबकडीवर ‘मायटी माउस’ या मुलांच्या व्यंगपटमालेचे शीर्षकगीत लागते. तो गात नाही, हलत नाही, नुसता वाट पाहतो. गाण्यातील नायकाची एकच ओळ आली की मात्र हात उंचावून, छाती फुगवून तो ओठ हलवितो आणि पुन्हा अवघडून उभा राहतो. मध्येच थोडे पाणी पितो. येथे विनोद ओळीत नाही, प्रतीक्षेत आहे. थेट प्रक्षेपणात निःशब्दता ही सर्वांत धोक्याची वस्तू असते, आणि या माणसाने तिच्यावरच आपला सारा प्रवेश उभा केला. ध्वनिचित्रफितीवर हा प्रवेश बहुधा तितकाच गमतीदार वाटला असता. पण त्याला जी एक कंप पावणारी धार आहे, ती आली नसती.

आता अपयशाकडे येऊ. त्या रात्रीचा सूत्रधार जॉर्ज कार्लिन होता. तो स्वतः उत्तम एकपात्री विनोदकार. परंतु त्याने एकाही प्रहसनात भूमिका केली नाही. तो अधूनमधून येऊन आपले स्वतंत्र निवेदन सादर करीत राहिला. त्यातील एका निवेदनात फुटबॉलची रणभाषा आणि बेसबॉलची सौम्य, ग्रामीण भाषा यांची तुलना आहे. ती तुलना स्वतंत्रपणे पाहिली तर अत्यंत सुबक आहे. तरी एकूण भागात कार्लिन उपरा वाटतो, जणू दोन निरनिराळे कार्यक्रम आळीपाळीने चालले आहेत. त्यात भर म्हणून बिली प्रेस्टन आणि जॅनिस इअन असे दोन गायक, त्यांची प्रत्येकी दोन गाणी, अल्बर्ट ब्रूक्सचा लघुपट आणि जिम हेन्सनच्या बाहुल्यांचा प्रवेश. या गर्दीत बेलुशी, चेस, डॅन ॲक्रॉइड, जेन कर्टिन, गॅरेट मॉरिस, लॅरेन न्यूमन आणि गिल्डा रॅडनर या मुख्य नटसंचाच्या वाट्याला फारच थोडे आले. येथे दोष एखाद्या अंशाचा नाही, मांडणीचा आहे. खुणांची यादी करणारा समीक्षक कार्लिनच्या निवेदनापुढे ‘जमले’ असे लिहील आणि तरीही भाग विस्कळीत का वाटला, याचे उत्तर त्याच्या यादीत सापडणार नाही.

हेन्सनच्या बाहुल्यांचे अपयश आणखी निराळे. ‘लँड ऑफ गॉर्च’ नावाच्या एका ओसाड प्रदेशातील विचित्र जीवांचे हे प्रवेश प्रौढांसाठी होते. ते मालिकेच्या लेखकांना लिहावे लागत, आणि त्यांना त्या कामाची मुळीच आवड नव्हती. पहिल्या हंगामानंतर हे प्रवेश बंद झाले. परंतु १९७६ मध्ये हेन्सनचा ‘द मपेट शो’ इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि तो अनेक देशांत लोकप्रिय झाला. कलावंत तोच, कौशल्य तेच. चुकले होते ते स्थळ. तेव्हा ‘हेन्सन फसला’ असे लिहिणारा आणि ‘हेन्सन येथे फसला’ असे लिहिणारा, या दोन समीक्षकांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तिसरे उदाहरण मधमाश्यांचे. पहिल्या भागात प्रसूतिगृहाबाहेर मधमाश्यांच्या पोशाखातील पिते येरझारा घालीत आहेत आणि परिचारिका येऊन कोणाला कामकरी, कोणाला राणी झाल्याचे सांगते. कल्पना एका ओळीची, आणि ती त्या ओळीपुढे जात नाही. प्रहसन म्हणून हे सामान्य होय. परंतु पुढे काय झाले पाहा. दुसऱ्या भागात मधमाश्या रंगमंचावर येतात आणि सूत्रधार पॉल सायमन त्यांना सांगतो की तुमचा प्रवेश रद्द झाला आहे. २५ ऑक्टोबर १९७५ च्या तिसऱ्या भागात रॉब रायनर या पाहुण्याने मधमाश्यांबद्दल त्रागा केला आणि त्यावर बेलुशीने मधमाशीच्याच वेशात, नव्या नटांना पोटासाठी काय काय करावे लागते याविषयी त्वेषाने प्रत्युत्तर दिले. फसलेल्या प्रहसनाचे फसणे हाच नव्या प्रहसनाचा विषय झाला. थेट आणि साप्ताहिक स्वरूपाच्या कार्यक्रमाचे हे वैशिष्ट्य आहे की त्याचे अपयश वाया जात नाही. ते त्याच्या सामायिक स्मृतीत जमा होते.

काळ हाही एक न्यायाधीश आहे आणि त्याचे निकाल मोठे चमत्कारिक असतात. त्याच भागात शार्कच्या हल्ल्यात हात गमावल्याचा दावा करणाऱ्या, परंतु ज्याचा हात स्पष्ट दिसतो अशा माणसाच्या मुलाखतीचे प्रहसन होते. ‘जॉज’ हा चित्रपट त्याच वर्षीच्या जून महिन्यात प्रदर्शित झाला होता आणि देशभर शार्कचीच चर्चा होती. त्या चर्चेची ऊब गेल्यावर या प्रहसनातील अर्धा रस आटला. उलट दुसरीकडे एका खोट्या जाहिरातीत तीन पात्यांचा दाढीचा वस्तरा दाखविला होता. जिलेटने १९७१ मध्ये दोन पात्यांचा वस्तरा बाजारात आणला होता. तेव्हा तीन पाती ही त्या काळी धडधडीत अतिशयोक्ती होती आणि तुम्ही कशावरही विश्वास ठेवता, असे ती जाहिरात शेवटी ग्राहकालाच सुनावते. १९९८ मध्ये त्याच जिलेटने तीन पात्यांचा वस्तरा खरोखरच विक्रीस आणला. विडंबन खरे ठरले. आता ते पाहताना हसू पूर्वीसारखे येत नाही. परंतु आदर वाढतो, कारण लेखकाने बाजाराची दिशा अचूक ओळखली होती, हे उघड होते.

मग आपण निकष कोणते ठरवावेत? मला चार प्रश्न उपयोगी वाटतात. पहिला, प्रहसनाच्या मुळाशी एक स्पष्ट कल्पना आहे काय आणि ती पुढे सरकते काय? दुसरा, दोष कोणाचा आहे : लेखनाचा, अभिनयाचा, वेळेचा की मांडणीचा? संवादाच्या फळीवरून वाचताना अडखळलेला नट आणि मुळातच निर्जीव असलेला संवाद, या दोघांना एकच शिक्षा देणे हा अन्याय होय. तिसरा, हे थेट झाले म्हणून त्याला काही प्राप्त झाले काय? येथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांनी तो भाग काही तासांनी, ध्वनिचित्रफितीवरूनच पाहिला होता. तरी जोखीम त्यांनाही जाणवली असणार, कारण ती नटांच्या चेहऱ्यावर होती. आणि चौथा प्रश्न, या अपयशात काही प्रयत्न होता काय? जो सुरक्षित मार्गाने जाऊन माफक हसू मिळवितो, त्याच्यापेक्षा जो नवी वाट शोधताना पडतो त्याचे ऋण अधिक असते.

याचा अर्थ समीक्षकाने दयाळू व्हावे, असा नव्हे. थेट सादरीकरण ही दोषांवर घालण्याची चादर नाही. एक आठवडाच मिळाला होता, ही सबब निर्मात्याने सांगितली तर ती ऐकून घ्यावी. परंतु प्रेक्षकाचा दीड तासही खराच असतो. म्हणून रुक्ष प्रहसनाला रुक्ष म्हणावेच. मात्र ते का रुक्ष झाले हे सांगण्याची जबाबदारी त्याबरोबरच येते. कारणाशिवाय दिलेला निकाल हा न्याय नसतो, ती केवळ आवडनिवड असते.

कार्लिनचे निधन २२ जून २००८ रोजी झाले आणि त्याच आठवड्यात, २८ जून रोजी, श्रद्धांजली म्हणून हा पहिला भाग पुन्हा दाखविण्यात आला. तेहतीस वर्षांनंतर तो पाहणाऱ्याला १९७५ मध्ये जो गोंधळ वाटला, तो शोध वाटू लागतो. मधल्या बातमीपत्राचे विडंबन त्या रात्री एक साधा प्रवेश होता. तो आजही चालू आहे, आणि मालिकेने २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण केली. कोणता प्रवेश टिकेल आणि कोणता विसरला जाईल, हे त्या रात्री यादी करणाऱ्याला सांगता आले नसते. त्यात त्याचा दोष नाही. परंतु एवढी एक नम्रता त्याने आपल्या लेखणीत ठेवावयास हवी होती.

मित्रहो, हशा हा तत्काळ मिळणारा निकाल आहे, आणि म्हणूनच तो अंतिम निकाल नव्हे. सभागृहात हशा पिकला की नाही, हे कोणालाही ऐकू येते. तो का पिकला, आणि जेथे पिकला नाही तेथे बीज वांझ होते की ऋतू चुकला होता, हे ओळखणे हे समीक्षकाचे काम आहे. त्यासाठी त्याने आधी मनमोकळे हसावे आणि वही मागाहून उघडावी, एवढीच माझी विनंती आहे.