हसतमुख सेनापती
(मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण)



फील्ड मार्शल सॅम माणेकशा यांच्यावर बोलण्यासाठी चिटणीसांनी माझी निवड का केली, हे मला अद्याप उमगलेले नाही. मी बी. ए. झालेला, सरकारी हिशेबात केस पांढरे केलेला मनुष्य. बंदूक हाती धरली ती जत्रेत फुगे फोडण्यापुरती. परंतु २०२३ साली त्यांच्यावर निघालेला चित्रपट आपल्या मुलांनी पाहिला आणि सॅम म्हणजे १९७१ चे युद्ध, अशी त्यांची समजूत झाली. ती काही खोटी नव्हे. तरी मला आज युद्धाविषयी थोडे आणि माणसाविषयी अधिक बोलावयाचे आहे.

त्यांच्या घराण्याची कथा आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्यांनी अवश्य ऐकावी. वडील डॉक्टर. पत्नीसह मुंबई सोडून निघाले ते लाहोरला बस्तान बसवावे म्हणून. वाटेत अमृतसरला गरोदर पत्नीला पुढचा प्रवास झेपेना. दोघे उतरली, आणि उतरली ती तेथलीच झाली. त्याच अमृतसरात पुढे ३ एप्रिल १९१४ रोजी सॅमचा जन्म झाला. (दोनच वर्षांची बदली म्हणून या गावी उतरलेल्यांनी हात वर करावा म्हटले, तर येथे अर्धे सभागृह हात वर करील!)

फेब्रुवारी १९४२. ब्रह्मदेशात सितांग नदीच्या लढाईत या तरुण अधिकाऱ्याच्या देहात सात गोळ्या शिरल्या. हा आता वाचत नाही, असे समजून मेजर जनरल कोवन यांनी स्वतःच्या छातीवरची मिलिटरी क्रॉसची फीत काढून त्यांच्या छातीवर लावली. शेरसिंग नावाच्या शिपायाने त्यांना मागे आणले. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर ऑस्ट्रेलियन होता. काय झाले, असे त्याने विचारले तेव्हा हे गृहस्थ उत्तरले की, खेचराने लाथ मारली. अशा प्रसंगी विनोद सुचणारा मनुष्य वाचवलाच पाहिजे, असे डॉक्टरांना वाटले म्हणतात. माझी चार वर्षांची नात ही गोष्ट पुनःपुन्हा ऐकते. गोळ्यांशी तिला कर्तव्य नाही. त्या खेचराला शिक्षा झाली का, एवढेच ती विचारते. आता तिला काय सांगावे!

सिलू बोडे या मुंबईच्या. एल्फिन्स्टन कॉलेजात आणि जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या, चित्रकलेची जाण असलेल्या. २२ एप्रिल १९३९ रोजी उभयतांचा विवाह झाला, आणि बासष्ट वर्षे हे सहजीवन चालले. सॅम मोठ्याने घोरत, म्हणून दोघांच्या निजायच्या खोल्या वेगळ्या असत. परदेशच्या एका दौऱ्यात यजमान जनरलसाहेब त्यामुळे बुचकळ्यात पडले. बाईंनी खरे कारण सांगून टाकले. तेव्हा सॅमने यजमानांच्या खांद्यावर हात टाकून हळूच सांगितले की, माझ्या घोरण्याची तक्रार करणारी हीच एकटी स्त्री मला भेटली! पत्नीसमक्ष असे बोलण्याची छाती आपल्यापैकी कितीजणांस आहे?

परंतु हा केवळ थट्टेखोरपणा नव्हता, आणि मला सांगावयाचे आहे ते हेच. हा मनुष्य ज्या मोकळेपणाने हसे, त्याच मोकळेपणाने खरे बोले. आणि खरे बोलण्याची किंमत त्यांनी मोजली. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचे प्रमुख असताना त्यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला. देशनिष्ठेविषयीच शंका घेण्यात आली. त्यातून ते निर्दोष सुटले आणि १९६२ च्या पराभवानंतर ईशान्येकडील सैन्याची जबाबदारी त्यांच्याकडेच आली. १९७१ च्या एप्रिलमध्ये सैन्य अद्याप तयार नाही, पावसाळा तोंडावर आहे, असे त्यांनी भर बैठकीत पंतप्रधानांना सांगितले. प्रकृतीचे कारण दाखवून राजीनामा देऊ का, असेही विचारले, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. फाळणीच्या वेळी याह्याखानांनी त्यांची मोटारसायकल हजार रुपयांना घेतली होती आणि पैसे दिले नव्हते. अर्धा देश देऊन त्यांनी ते देणे फेडले, असे सॅम मिस्कीलपणे म्हणत.

आता माझ्या खात्याशी जवळचा विषय. फील्ड मार्शल कधी निवृत्त होत नाही. त्याला अखेरपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, असा संकेत आहे. १९७३ च्या जानेवारीत हा हुद्दा मिळालेल्या सॅमना मात्र वेतनाची थकबाकी मिळाली ती २००७ साली, राष्ट्रपती कलाम त्यांना रुग्णालयात भेटून गेल्यानंतर. रक्कम एक कोटीहून अधिक होती. मी आयुष्यभर अशा फायली हाताळल्या आहेत. कागद कसा निजतो, हे मला चांगले ठाऊक आहे. हे वाचले त्या रात्री माझ्या टेबलावरच्या निवृत्तिवेतनाच्या तीन जुन्या फायली मला आठवल्या. दुसऱ्या दिवशी त्या मी सर्वांत वर काढल्या. त्यांतील एका शिपायाच्या विधवेचे पत्र पुढे आले. ते येथे वाचून दाखवण्याचे धैर्य मजपाशी नाही.

२७ जून २००८ रोजी वेलिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात, चौऱ्याण्णवाव्या वर्षी सॅमनी देह ठेवला. अंत्यसंस्कारास ना राष्ट्रपती आले, ना पंतप्रधान, ना तिन्ही दलांचे प्रमुख. सरकारतर्फे संरक्षण राज्यमंत्री होते. याचा राग पुष्कळांना आला, मलाही आला. कुन्नूरच्या घरी बाग फुलवीत, दोन मुलींचा आणि नातवंडांचा संसार पाहत ज्याने पस्तीस वर्षे घालवली, त्याला या गैरहजेरीचे कितपत वाईट वाटले असते, कोण जाणे.

उटीच्या पारशी दफनभूमीत, २००१ साली गेलेल्या पत्नीच्या शेजारीच त्यांना जागा मिळाली. वेगळी खोली मागण्याची सोय सिलूबाईंना आता उरलेली नाही.